एतबार कशावर ठेवायचा?

उर्दूने आम्हाला पुष्कळ दिले. पण एका बाबतीत तिने आमची पंचाईत करून ठेवली आहे. मराठीत ‘अनुभव’ वेगळा आणि ‘प्रयोग’ वेगळा. उर्दूत दोहोंना एकच शब्द चालतो: तजुर्बा. शाळेतली प्रयोगशाळा ती ‘तजुर्बागाह’ आणि नानीने सत्तर वर्षांत जे पाहिले तेही ‘तजुर्बा’च. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. घरी कोकणी वळणाची मराठी, शिक्षण उर्दूत आणि लिहिणे मराठीत, त्यामुळे हा गोंधळ मला रोज दिसतो. “टीचर, मेरा तजुर्बा है,” असे म्हणून पालकसभेत जे काही सांगितले जाते त्याला परीक्षानळीतल्या निष्कर्षाइतकाच मान मिळतो. नव्हे, जास्तच मिळतो. परीक्षानळी कपाटात कुलपाआड असते, नानी मात्र घरात असते.

हा नुसता शब्दांचा खेळ आहे असे कुणी म्हणेल. पण या खेळात आमची मुले दगावतात, म्हणून तो खेळ म्हणून सोडून देता येत नाही.

अनुभव सांगतो: ताबीज बांधला, ताप उतरला. प्रयोग विचारतो: ज्यांनी ताबीज बांधला नाही त्यांचा ताप उतरला की नाही? बस, एवढाच फरक आहे. साधा विषाणूजन्य ताप बहुधा चार-पाच दिवसांत आपोआप जातो. तिसऱ्या दिवशी ताबीज बांधला तर त्याचे श्रेय ताबीजला, तिसऱ्या दिवशी डॉक्टरने लाल-पिवळ्या गोळ्या दिल्या तर त्याचे श्रेय गोळ्यांना. (आमच्या मोहल्ल्यातल्या अर्ध्या दवाखान्यांचा धंदा या तिसऱ्या दिवसावरच चालतो, हेही सांगून टाकते. फसवणारा नेहमी दाढीवालाच असतो असे नाही. गळ्यात स्टेथोस्कोप घालूनही फसवता येते.)

काविळीचेच घ्या. उर्दूत यरकान. कावीळ ‘उतरवणारे’ गावोगाव आहेत, त्यात आपले आहेत तसे इतरांचेही आहेत. या एका बाबतीत सर्वधर्मसमभाव पूर्णपणे नांदतो. रोग्याच्या हाताला कसला तरी रस चोळतात, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला सांगतात. पाणी पिवळे होते. “बघा, कावीळ निघाली!” डोळ्यांनी पाहिलेले कोण नाकारणार? मी वर्गात आंब्याच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी आणली आणि ठणठणीत असलेल्या चार मुलांचे हात त्यात धुतले. पाणी पिवळे झाले. मग माझे हात धुतले. पुन्हा पिवळे. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “टीचर, म्हणजे तुम्हालाही यरकान आहे?” सगळा वर्ग हसला. पण त्या पोराने नकळत जो प्रश्न विचारला तोच विज्ञानाचा मूळ प्रश्न होता: ज्याला रोग नाही त्याच्याही हाताचे पाणी पिवळे होत असेल, तर पिवळ्या पाण्यावरून रोगाबद्दल काय कळते? काहीच नाही. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपसूक बरी होते, म्हणून उतरवणाऱ्याचे नाव होते. रक्तातून पसरणारी कावीळ यकृत पोखरत राहते, तेव्हा त्याच उतरवणाऱ्याचा पत्ता कुणी विचारत नाही. बरे झालेले तजुर्बा सांगायला येतात. मेलेले येत नाहीत.

आता गोवराकडे वळते, कारण माझे खरे भांडण तिथे आहे.

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या सर्व मुलांना एक डोस आणि तोही बराचसा शाळाशाळांतून द्यायचा होता. मोहिमेच्या आधीच मोबाइलवर संदेश पोहोचला: या लसीने मुलगे नामर्द आणि मुली वांझ होतात, मुसलमानांची संख्या घटवण्याची ही साजिश आहे, अमुक डॉक्टरांनी सांगितले आहे. डॉक्टरांचे नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. खाली फक्त एक ताकीद: हा संदेश दहा जणांना पाठवा, सवाब मिळेल. त्या वेळी मी ज्या शाळेत होते तिथे लसीकरणाच्या दिवशी वर्ग निम्मे रिकामे होते. शिकलेल्या पालकांनीही मुले घरी ठेवली. काही शिक्षकांनीच तो संदेश पुढे पाठवला होता आणि त्यांत विज्ञानाचे पदवीधरही होते. हे मी ऐकीव सांगत नाही.

चार वर्षांनी, २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवराची साथ पसरली. मग भिवंडी, मालेगाव. ही नावे वाचताना वेगळे काही सांगायची गरज आहे का? केंद्राची पथके आली, वर्तमानपत्रांत रोज आकडे आले, लहान मुले दगावली. गोवर हा हवेतून पसरणारा आणि माणसाला ठाऊक असलेल्या अतिसंसर्गजन्य रोगांपैकी एक आहे; लस न घेतलेल्या वस्तीत एका रोग्यापासून बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते. खोकणारे मूल खोलीतून निघून गेले तरी दोन तासांपर्यंत विषाणू त्या हवेत राहू शकतो. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहतात तिथे याचा अर्थ काय होतो ते आपल्यापैकी अनेकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. न्यूमोनिया होतो, जुलाब होतात, अ जीवनसत्त्व कमी असलेल्या मुलाचे डोळे जातात, हजारात एखाद्याच्या मेंदूला सूज येते. त्यावर नेमके औषध नाही. लस आहे. वस्ती सुरक्षित राहायची तर शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. निम्मे वर्ग रिकामे ठेवून पंच्याण्णव होत नाहीत, एवढे गणित पाचवीच्या मुलालाही येते.

साथीचे सारे खापर त्या एका संदेशावर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले होते. या वस्त्यांत लोकसंख्येच्या मानाने सरकारी दवाखाने किती, हा प्रश्न वेगळा आणि कडक शब्दांत विचारायला हवा. रोजंदारीवरची आई लसीनंतर मुलाला ताप येईल म्हणून घाबरते, कारण तापाचा दिवस म्हणजे बुडालेला रोज. तिला मी जाहिल म्हणणार नाही. मी बोलते आहे ते रोज बुडत नसताना, दवाखाना शेजारी असताना, बी.एस्सी., बी.एड. असताना “लोग कहते हैं” एवढ्या आधारावर मुलाला घरी ठेवणाऱ्यांबद्दल.

लोक म्हणजे कोण? हा प्रश्न विचारायला आपल्याला युरोपातून कुणाला बोलावण्याची गरज नव्हती. ‘कोण म्हणतो, त्याने कुणाकडून ऐकले, तो त्याला भेटला होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खोटे बोलताना कधी सापडला होता का’ या प्रश्नांचे एक आख्खे शास्त्र आपल्या पूर्वजांनी उभे केले. इस्नाद म्हणतात त्याला. एकेका रिवायतीसाठी मुहद्दिस शेकडो मैल चालले. कथन करणाऱ्या हजारो माणसांची चरित्रे तपासली गेली, कोण विश्वासार्ह आणि कोण कच्चा याच्या याद्या झाल्या. मजकूर कितीही सुंदर असो, साखळीतला एक दुवा तुटला की रिवायत जईफ. खुद्द कुरआनात, सूरह हुजुरातमध्ये, खात्री नसलेल्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, नाही तर अजाणतेपणी कुणाचे नुकसान करून बसाल, अशा अर्थाची ताकीद आहे. आणि त्याच उम्मतीचे लोक आज सनद नसलेला, रावी नसलेला, तारीख नसलेला संदेश सवाबासाठी दहा जणांना पाठवतात! हदीसच्या बाबतीत जी सावधगिरी फर्ज मानता ती लसीच्या बाबतीत कुठे जाते? आयशाबाईच्या सुनेच्या बहिणीला झाले म्हणे. ही साखळी इमाम बुखारींसमोर ठेवून पाहा.

इथे एक शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. बसरा येथे इ.स. ९६५च्या सुमारास जन्मलेला आणि पुढे कैरोत काम केलेला इब्न अल-हैसम आपण सर्वांना ठाऊक आहे. निदान शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यापुरता तरी ठाऊक आहे. प्रकाशावर त्याने ‘किताब अल-मनाजिर’ लिहिली. डोळ्यातून किरण निघतात आणि म्हणून आपल्याला दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमी मानत. एवढी मोठी नावे! इब्न अल-हैसमने नावे पाहिली नाहीत. अंधाऱ्या खोलीच्या भोकासमोर त्याने अनेक दिवे ठेवले. आत जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके पडले. एक दिवा झाकला, नेमका त्याचाच ठिपका गेला. उघडला, ठिपका परत आला. वस्तूकडून येणारा प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो हे असे पडताळून पाहण्यासाठी त्याने जो शब्द वापरला तो होता ‘इअतिबार’. हदीसशास्त्रातही हाच शब्द आहे: एखादी रिवायत दुसऱ्या वाटांनीही आली आहे का याचा शोध घेणे म्हणजे इअतिबार. म्हणजे आपल्या दोन मोठ्या विद्याशाखांत या शब्दाचा अर्थ होता तपासणे. तोच शब्द उर्दूत येता येता झाला ‘एतबार’, आणि अर्थ झाला भरवसा! न तपासता ठेवलेला भरवसा. एका शब्दाच्या प्रवासात एका समाजाची कुंडली मांडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

त्याच्याही आधीचा अबू बक्र अल-राजी. इ.स. ९२५मध्ये वारला. देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग कसे ओळखायचे यावर त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिले, होय, हाच गोवर. आणि ‘अल-हावी’त त्याने नोंदवले आहे की मेंदूच्या दाहाच्या रोग्यांपैकी एका गटाचे त्याने रक्त काढले आणि दुसऱ्या गटाचे मुद्दाम काढले नाही, म्हणजे काय होते ते कळावे. त्याचा निष्कर्ष आजच्या वैद्यकाला मान्य होणार नाही. रक्त काढून तो रोग बरा होत नाही. पण तुलनेसाठी दुसरा गट ठेवायला हवा हे अकराशे वर्षांपूर्वी त्याला सुचले होते, आणि आमच्या आजच्या पदवीधरांना सुचत नाही.

आता तोच मुद्दा नसबंदीच्या अफवेला लावू. पल्स पोलिओची मोहीम देशभर सुरू झाली डिसेंबर १९९५मध्ये. तेव्हाही हीच अफवा होती: थेंबांनी मुले नपुंसक होतील. ठीक आहे. तेव्हा थेंब घेतलेली दोन-तीन वर्षांची मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांना मुले झाली की नाही हे शोधायला अमेरिकेला जावे लागत नाही. कोणत्याही उर्दू शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर असते, त्यात पहिलीचे दाखले पाहा. बापाचे नाव तिथे आहे. तो बाप पंचवीस वर्षांपूर्वी त्याच रजिस्टरात विद्यार्थी म्हणून आहे. एकेका घरातून तीन-तीन, चार-चार दाखले! ज्या साजिशीचा पुरावा शोधत आपण रात्री जागतो तिचे खंडन शाळेच्या लाल कापडी बांधणीच्या वहीत पडले आहे, आणि ते कुणी उघडून वाचत नाही.

तरीही भीती कुठून आली हे समजून घ्यायला हवे, नाही तर आपणही दुसऱ्या टोकाचे अंधळे ठरू. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात सक्तीची नसबंदी झाली. एप्रिल १९७६मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेटजवळ काय घडले ते आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. सरकारी माणूस औषध घेऊन दारात आला म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार, हा संशय आभाळातून पडलेला नाही. २०११मध्ये अमेरिकी हेरखात्याने ॲबटाबादमध्ये लसीकरणाच्या मोहिमेचा आडोसा घेतला. कावीळ-बीची लस टोचण्याच्या निमित्ताने माहिती काढण्याचा तो डाव होता. किती नीच काम! त्याची किंमत पाकिस्तानात पोलिओचे थेंब पाजणाऱ्या गरीब बायकांनी जिवाने चुकवली. हे सगळे खरे आहे. पण ‘ते खोटे बोलले होते’ यावरून ‘म्हणून ही लस घातक आहे’ हे सिद्ध होत नाही. पहिले विधान माणसांबद्दल आहे, दुसरे बाटलीतल्या द्रवाबद्दल. माणसांची चौकशी वेगळी, द्रवाची वेगळी. आणि जिथे हा फरक केला गेला नाही तिथे काय झाले? भारतात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. पोलिओ आजवर कधीच हटला नाही असे देश दोनच उरले आहेत: पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. त्यांची नावे मला आनंदाने घ्यावीशी वाटत नाहीत.

पश्चिम उत्तर प्रदेशात आपल्याच लोकांनी दारे बंद केली होती. ती उघडली ती पोलिसांनी नव्हे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया, जामिया हमदर्द यांची माणसे गल्लोगल्ली फिरली, इमामांनी मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून पुकारा केला, मौलवींनी स्वतःच्या हाताने आपल्या नातवंडांना थेंब पाजले. उलेमा मनात आणतात तेव्हा काय होऊ शकते हे त्यांनी दाखवले आहे. म्हणून मी त्यांच्याशी भांडते. ज्याच्या हातात काही नाही त्याच्याशी कोण भांडतो?

हरामचा प्रश्नही टाळू नये. “लसीत डुकराची चरबी आहे,” हे वाक्य आपल्याकडे कुजबुजत फिरते आणि कुजबुजीतच राहते. इंडोनेशियात ते उघड विचारले गेले. तिथल्या उलेमा कौन्सिलने २०१८च्या ऑगस्टमध्ये गोवर-रुबेलाच्या लसीबद्दल तपासणी करून फतवा दिला: उत्पादनात डुकरापासून मिळवलेल्या पदार्थाचा उपयोग होतो, म्हणून वस्तू हराम, परंतु पर्यायी लस उपलब्ध नाही आणि न घेतल्यास मुलांच्या जिवाला धोका आहे, म्हणून वापर मुबाह. ही लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीच होती. म्हणजे ‘अमेरिकेची साजिश’ हडपसरच्या गाडीतून निघते! या फतव्याचे मला अप्रूप वाटते ते असे की त्यात दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. लसीत काय आहे, ती न घेतल्यास काय होते, हा पुराव्याचा प्रश्न; त्यासाठी जाणकारांना बोलावले. मग काय करावे हा फिकहचा प्रश्न. तो मुफ्तींनी सोडवला. फतव्यानंतरही तिथे पुष्कळांनी लस नाकारली, हेही खरे. पण निदान विचारण्याची रीत तरी दिसली. आपल्याकडे पुराव्याचा प्रश्न मुफ्तींना विचारतात आणि फिकहचा प्रश्न मोबाइलला. आणि हजला निघताना मेंदूज्वराची लस सौदी सरकार सक्तीने घ्यायला लावते, तेव्हा हज हाऊसच्या रांगेत बाही वर करताना कुणालाही साजिश आठवत नाही. हाजीसाहेबांच्या दंडाला जी सुई चालते ती त्यांच्या नातीच्या दंडाला का चालत नाही, याचे उत्तर मला कुणी देईल का?

वास्तविक टोचून रोग टाळण्याची कल्पना युरोपने घेतली तीही आपल्या शेजारघरातून. तुर्कस्तानात म्हाताऱ्या बायका देवीच्या सौम्य फोडातला पू मुलांना टोचत. इंग्रज वकिलाची बायको लेडी मेरी माँटेग्यू हिने ते पाहिले, १७१८मध्ये आपल्या मुलाला तिथेच टोचून घेतले आणि १७२१मध्ये लंडनमध्ये मुलीला. तेव्हा लंडनचे पाद्री आणि डॉक्टर म्हणत होते: मुसलमानांची ही रीत आमच्यात कशाला?

आता दुसऱ्या एका दुकानाबद्दल लिहायचे आहे. तिथे विज्ञानाला विरोध होत नाही, त्याला सरळ गिळून टाकले जाते. “हे सगळे आमच्या किताबात चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले आहे.” मॉरिस बुकाय या फ्रेंच डॉक्टरचे पुस्तक १९७६मध्ये निघाले, तेव्हापासून या दुकानाच्या शाखा वाढतच आहेत. गर्भाची वाढ, विश्वाचा विस्तार, लोखंड, पर्वत. शोध लागला की दुसऱ्या दिवशी आयत हजर! माझा साधा प्रश्न आहे: आयत चौदाशे वर्षे आपल्यापाशी होती, मग शोध आधी आपल्याला का लागला नाही? आणि उद्या तो सिद्धान्त बदलला, विज्ञानात तो बदलतोच, तर तुम्ही आयतही बदलणार का? हिदायतीच्या ग्रंथाला फिजिक्सची गाइड बनवणे ही त्याची खिदमत नाही. जानेवारी २०१५मध्ये मुंबईच्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये वैदिक विमानांवर निबंध वाचला गेला, तेव्हा आपले लोक पोट धरून हसले. हसावे, जरूर हसावे. पण मग आपल्या जलशातल्या वक्त्याने तसलेच काही सांगितले की ‘सुब्हानअल्लाह’ म्हणायचे, हा कुठला न्याय?

खजुराच्या झाडांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मदिनेचे लोक हाताने परागण करीत. पैगंबरांनी (स.) सहज म्हटले की याने काही फरक पडेल असे वाटत नाही. लोकांनी ते सोडले, पीक घटले. तेव्हा, तुमच्या दुनियेतल्या या बाबी तुम्ही जास्त जाणता, अशा अर्थाचे ते बोलले. ज्यांच्या शब्दावर लोक जीव द्यायला तयार होते त्यांनी झाडाची साक्ष मान्य केली. मग आजचा एखादा वाएज लसीबद्दल, भूकंपाबद्दल, कर्करोगाबद्दल बोलतो तेव्हा त्याला ‘हे तुम्हाला कसे कळले?’ एवढे विचारणे बेअदबी कशी ठरते?

माझ्या व्यवसायबंधूंनाही सोडणार नाही. आपल्या शाळांत तजुर्बागाहच्या दाराला कुलूप आणि चावी हेडमास्तरांच्या खिशात. काच फुटली तर भरणार कोण? म्हणून फोडायचीच नाही, म्हणजे उघडायचीच नाही. प्रात्यक्षिकाची वही मुले मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवतात. त्यात ‘मुशाहिदा’ या मथळ्याखाली जे लिहिलेले असते ते कुणीही पाहिलेले नसते. न पाहिलेले ‘पाहिले’ म्हणून लिहायला आम्हीच शिकवतो, त्यावर सही करतो, गुण देतो. मग तोच मुलगा मोठा होऊन न पाहिलेले पुढे पाठवतो तर दोष मोबाइलचा कसा? बालभारती उर्दूत विज्ञानाची चांगली पुस्तके काढते. प्रकाशसंश्लेषणाला ‘जियाई तालीफ’ म्हणायचे हे माझ्या मुलांना तोंडपाठ आहे. पण कुंडीतल्या रोपाच्या एका पानावर काळा कागद लावून चार दिवसांनी काय होते ते पाहायला कोणते अनुदान लागते? काविळीच्या प्रयोगाला मला आंब्याची साल आणि पानवाल्याकडचा चुना लागला.

कुणी म्हणेल, ही नसती उठाठेव आहे. समाजापुढे नोकऱ्यांचा प्रश्न आहे, सुरक्षिततेचा आहे. २००६च्या सच्चर अहवालाने काय सांगितले ते वाचा. वाचले आहे. आणि त्या अहवालामुळेच मी म्हणते. आपल्यावर अन्याय होतो असे आपण पन्नास वर्षे म्हणत होतो, कुणी ऐकत नव्हते. सच्चर समितीने आकडे मांडले, तेव्हा देशाला मान खाली घालून ऐकावे लागले. आपल्या बाजूने पुरावा असतो तेव्हा त्याची ताकद आपल्याला कळते. विरुद्ध बाजूने आला की मात्र तो साजिश!

आणखी एक गोष्ट मला विचित्र वाटते. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत आता भिंतीवर इलेक्ट्रॉनिक घड्याळ आहे. फजर ते इशा, पाचही वेळा मिनिटांसह, वर्षभराच्या. आकाशातल्या सूर्याच्या स्थितीचे गणित करून त्या वेळा ठरतात. दिवसातून पाच वेळा आपण खगोलशास्त्रावर भरवसा ठेवून सज्दा करतो आणि त्याची कुणाला अडचण होत नाही. त्या घड्याळाशेजारी एक काळा फळाही आहे. त्यावर जुम्याच्या खुतब्याची वेळ, चंद्याची रक्कम, कुणाच्या तरी हरवलेल्या चाव्या असे सगळे लिहिलेले असते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत असतो, लसीकरणाचे सत्र अमुक वारी अमुक ठिकाणी असते, या दोन ओळींसाठी त्या फळ्यावर भरपूर जागा आहे. ट्रस्टी साहेबांकडे मी अर्ज दिला आहे. मीटिंगमध्ये ठेवू म्हणाले.